मान आणि मानधन

गेल्या वर्षी एका तालुक्याच्या गावी महिला दिनाच्या समारंभास पाहुणा म्हणून जाण्याचा योग आला. समारंभ रीतसर झाला. दीपप्रज्वलन झाले, स्वागतगीत झाले, प्रास्ताविकाने आपला नेहमीचा अर्धा तास घेतला आणि मग अकरा अंगणवाडी सेविकांचा शाल, श्रीफळ व गुलाबपुष्प देऊन सत्कार करण्यात आला. एका वक्त्याने त्यांना यशोदेची उपमा दिली, दुसऱ्याने राष्ट्राच्या शिल्पकार म्हटले. टाळ्या भरपूर पडल्या. पुढे चहाच्या वेळी त्यांपैकी एक बाई शालीची घडी हातावर घेऊन माझ्याजवळ आल्या आणि हलक्या आवाजात म्हणाल्या, "सर, तुम्ही अर्थशास्त्र शिकवता ना? मग एवढं सांगा, आमच्या पगाराला पगार का म्हणत नाहीत? आणि मानधन म्हणतात, तर ते दोन-दोन महिने का येत नाही?"

पदव्युत्तर वर्गात या प्रश्नाचे उत्तर मला कोणी शिकवले नव्हते. मी काहीतरी पुटपुटलो आणि वेळ मारून नेली. परतीच्या प्रवासात मात्र तो प्रश्न डोक्यातून जाईना. आणि त्याचे उत्तर शोधता शोधता मी अर्थशास्त्रापेक्षा लहानपणी पाठ केलेल्या पवित्र शास्त्रातील वचनांपर्यंत जाऊन पोहोचलो, ते का हे सांगण्यासाठी हा लेख.

'मानधन' हा मूळचा मोठा सोज्ज्वळ शब्द आहे. व्याख्यात्याला, परीक्षकाला, मासिकाच्या लेखकाला जे द्यावयाचे त्याला मोबदला म्हणणे देणाऱ्याला आणि घेणाऱ्यालाही ओशाळवाणे वाटते, म्हणून तो योजला गेला. घेणाऱ्याचे पोट त्यावर चाललेले नाही, हे त्यात गृहीत आहे. हाच शब्द जेव्हा सकाळी केंद्र उघडून मुलांची वजने घेणाऱ्या, त्यांना खाऊ घालणाऱ्या, गरोदर स्त्रियांच्या नोंदी ठेवणाऱ्या आणि घरोघर सर्वेक्षणाला जाणाऱ्या बाईला लावला जातो, तेव्हा त्याचा अर्थ उलटतो. वेतन म्हटले की त्यामागून कायदा येतो, मुदत येते, रजा येते, निवृत्तीनंतरची सोय येते. मानधन म्हटले की यांतले काहीच येत नाही. येतो तो केवळ मान. धन अपुरे पडले म्हणून मान पुढे केलेला असतो.

एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशातील ३३ प्रकल्पांत सुरू झाली, तेव्हा अंगणवाडी सेविका ही गावातीलच, थोडा वेळ देणारी मानसेवी कार्यकर्ती असावी अशी कल्पना होती. ती कल्पना केव्हाच मागे पडली, काम वाढत गेले, शब्द मात्र तोच राहिला. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका निकालात या सेविका व मदतनीस ग्रॅच्युइटीच्या १९७२ च्या कायद्याखाली येतात असे ठरविले. न्यायमूर्ती अजय रस्तोगी आणि न्यायमूर्ती अभय ओक यांच्या पीठाचा हा निकाल. नाव मानधन असले तरी त्या कायद्याच्या अर्थाने ते वेतनच, असा त्याचा आशय होता. त्यानंतरही महाराष्ट्रातील सेविकांना ४ डिसेंबर २०२३ पासून पुढे जानेवारीच्या अखेरीपर्यंत संप करावा लागला. त्याच वर्षात, म्हणजे निकालाच्या वर्षी, मे २०२२ मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशा कार्यकर्त्यांचा गौरव केला होता. गौरव योग्यच होता. परंतु जिनिव्हाहून गौरव व्हावा आणि गावात कामागणिक थोडाथोडा मोबदला मोजून मिळावा, या दोन गोष्टी एकाच बाईच्या वाट्याला येऊ शकतात आणि त्यात आपल्यापैकी कोणाला विसंगती वाटत नाही, ही नोंद घेण्यासारखी बाब आहे.

मी जन्माने आणि श्रद्धेने ख्रिस्ती. नगर जिल्ह्यातील, आता ज्याला अहिल्यानगर म्हणतात त्या जिल्ह्यातील, एका लहान मंडळीत माझे बालपण गेले. शब्बाथ शाळेत 'आदर' हा विषय वारंवार येई. वडील माणसे आली की उठून उभे राहावे, पाळकसाहेबांना सलाम करावा, उपासनेत बोलू नये, ही त्याची शिकवण. यात ख्रिस्ती असे विशेष काहीच नव्हते. शेजारच्या आळीतील मुलांना त्यांच्या घरी हेच शिकवीत. आदर म्हणजे लहानाने मोठ्याला द्यावयाची वस्तू, ती खालून वर जाते, आणि तिला पैसे पडत नाहीत, अशी माझी बरीच वर्षे समजूत होती. पुढे नवा करार स्वतःच्या डोळ्यांनी वाचू लागलो तेव्हा तिन्ही बाबतींत ती चूक निघाली.

पैशाची गोष्ट आधी घेतो, कारण तिच्याकडे सर्वांत कमी लक्ष जाते. नवा करार ग्रीक भाषेत लिहिला गेला आणि त्यात मान या अर्थी 'तिमे' हा शब्द येतो. या शब्दाचा दुसरा अर्थ किंमत असा आहे. बाजारातील किंमत आणि माणसाचा मान या दोहोंना ग्रीकांनी एकच शब्द ठेवला. (आपणही 'त्याला काही किंमत नाही' असे माणसाबद्दल म्हणतोच.) तीमथ्याला लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पाचव्या अध्यायात निराधार विधवांना मान द्यावा असे सांगितले आहे. मान म्हणजे काय, तर त्यांच्या घरच्यांनी त्यांचे पालनपोषण करावे, आणि ज्यांना कोणी नाही त्यांचा भार मंडळीने उचलावा, असा सविस्तर खुलासा पुढे येतो. नोंदवहीत कोणाचे नाव घालावे याचे वयसुद्धा दिलेले आहे. त्याच अध्यायात थोडे पुढे, जे वडील शिकवण्याचे श्रम करतात ते दुप्पट मानास योग्य आहेत, असे म्हटले आहे. आणि लगेच त्याला जोडून मळणी करणाऱ्या बैलाला मुसके न बांधण्याचा जुना नियम आणि मजुराचा मजुरीवरील हक्क यांचा दाखला दिला आहे. म्हणजे मानधन ही कल्पना नव्या करारात आहेच. फरक इतकाच की तेथे मान हे धनाला दिलेले निमित्त नाही. मान द्यावयाचा तर धन द्यावेच लागते, असा तिचा रोख आहे.

मार्काच्या शुभवर्तमानात सातव्या अध्यायात येशूचा शास्त्री-परूश्यांशी झालेला एक खटका आहे. आईबापांचा मान राख ही दहा आज्ञांतली आज्ञा. काही लोक त्यातून एक पळवाट काढीत. आईबापांच्या उपयोगी पडेल असे जे काही आपल्याजवळ असेल ते 'कुर्बान', म्हणजे देवाला वाहिलेले, असे जाहीर करावयाचे. मग ते आईबापांना देण्याचे कारण उरत नसे. धर्माचा धर्म आणि बचतीची बचत! येशूने यावर फार कठोर शब्द वापरले. त्याच्या लेखी आज्ञेतला मान म्हणजे नमस्कार नव्हे, म्हातारपणीचे अन्नवस्त्र होय. आपल्या देशात आईवडिलांच्या निर्वाहासाठी २००७ साली कायदा करावा लागला. ज्या घरांवर त्याचा अंमल होतो त्या घरांत वाकून नमस्कार करण्याची पद्धत नसेल असे मला वाटत नाही.

दुसरा मुद्दा आदराच्या दिशेचा. पेत्राच्या पहिल्या पत्रात राजाला मान द्यावा असे सांगितले आहे आणि सत्ताधाऱ्यांना हे वचन सर्वकाळ आवडत आले आहे. परंतु राजासाठी जे क्रियापद योजले आहे तेच त्याच वाक्यात आधी 'सर्व माणसे' यांच्यासाठी योजलेले आहे. रोमी बादशहाचा पुतळा जेथे पूजिला जाई त्या जगात, बादशहाला जे द्यावयाचे तेच चुलीपाशी बसलेल्या गुलामाला द्यावयाचे, असे एका वाक्यात लिहून ठेवणे ही लहान गोष्ट नव्हती. भाव एकच ठरवला म्हणजे बादशहाचा भाव उतरतो, हे सांगायला अर्थशास्त्रज्ञ नको.

योहानाच्या तेराव्या अध्यायातील प्रसंग सर्वश्रुत आहे. वल्हांडणाच्या आधी, भोजनाच्या वेळी येशू उठला, कमरेला रुमाल बांधला आणि शिष्यांचे पाय धुऊ लागला. परदेशी वाचकाला हा प्रसंग समजावून सांगावा लागतो. मराठी वाचकाला लागत नाही. वाटसरूच्या पायांवर पाणी घालणे, लग्नात जावयाचे पाय धुणे, गुरूची पाद्यपूजा करणे, हे सारे आपल्या डोळ्यांसमोर आहे. म्हणूनच त्यातील उलटापालट आपल्याला अधिक जाणवावी. येथे गुरू शिष्यांचे पाय धुतो आहे. पेत्र हरकत घेतो, माझे पाय तू कदापि धुऊ नयेस म्हणतो. आणि त्याची हरकत मला फार मानवी वाटते. वरच्याने खाली वाकावे हे खालच्यालाही सहन होत नाही, कारण त्यामुळे त्याचीही जगाची मांडणी कोसळते. वारीत दोन वारकरी भेटले की दोघेही एकमेकांच्या पाया पडतात. कोण आधी आणि कोण नंतर हे ठरूच नये अशी ती घाई असते. रेव्हरंड ना. वा. टिळक तुकोबांच्या वाटेने ख्रिस्तापर्यंत आले असे स्वतः सांगत. ही दोन दृश्ये शेजारी ठेवली की त्यांच्या म्हणण्यात मला काही आश्चर्य वाटत नाही.

पुढे या विधीचे काय झाले तेही सांगावे. गुड फ्रायडेच्या आदल्या गुरुवारी पाय धुण्याचा विधी कॅथलिक मंदिरांत होतो. पुष्कळ काळ त्यासाठी बारा पुरुष निवडले जात. पाय आधीच स्वच्छ धुऊन ते येत. २८ मार्च २०१३ रोजी नव्यानेच पोप झालेल्या फ्रान्सिस यांनी रोममधील एका बालसुधार कारागृहात जाऊन तेथील बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले. त्यांत दोन मुली होत्या आणि एक मुलगी मुसलमान होती. अनेक भाविकांना हे रुचले नाही. पेत्राची हरकत अजून संपलेली नाही, एवढाच त्याचा अर्थ.

याकोबाच्या पत्रातील बसण्याच्या जागेचा दाखला तर माझ्या मते सर्व धर्मांच्या व्यवस्थापकांनी कार्यालयात लावून ठेवावा. सभेत सोन्याची अंगठी घातलेला, उंची वस्त्रे ल्यालेला मनुष्य येतो आणि मळक्या कपड्यांतला एक गरीबही येतो. पहिल्याला चांगली जागा दाखवली जाते. दुसऱ्याला तिकडे उभा राहा, नाहीतर येथे पायांपाशी बस, असे सांगण्यात येते. असे करणारे तुम्ही दुष्ट विचारांचे न्यायाधीश झालात, असा याकोबाचा आरोप आहे. ध्यानात घ्या, त्या गरिबाला कोणी शिवी दिली नव्हती. त्याला हाकललेही नव्हते. केवळ जागा दाखवली होती.

ख्रिस्ती समाजाने हे पत्र अठराशे-एकोणीसशे वर्षे वाचले आणि जागा दाखवण्याचे काम चालूच ठेवले. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमधील असंख्य मंदिरांत बाकांना भाडे असे. ज्याने भरले त्याला पुढचे, गादीचे, कधी दार असलेले बाक. गरिबांसाठी मागे किंवा कडेला फुकट जागा. तमिळनाडूत तिरुनेलवेली भागातील वडक्कनकुळम या गावी तर एक मंदिर दोन दालनांचे बांधण्यात आले. दोन जातींच्या लोकांनी दोन बाजूंनी यावे, एकमेकांना पाहू नये आणि वेदीपाशी मात्र एकच धर्मगुरू दोघांना दिसावा, अशी ती रचना १८७२ साली पुरी झाली. मधला आडपडदा हटवायला १९१० साल उजाडले. स्मशानभूमीतल्या भिंतींची कथा आणखी लांबेल. हे सांगताना मला आनंद होत नाही. परंतु 'ख्रिस्ती दृष्टीने आदर' असा विषय मांडताना हे झाकून ठेवले, तर वाचकाने माझ्यावर विश्वास ठेवू नये.

याच याकोबाच्या पत्रात पुढे शेतात कापणी करणाऱ्यांच्या अडवून ठेवलेल्या मजुरीचा उल्लेख येतो. ती न दिलेली मजुरीच ओरडते आहे, असे तेथे लिहिलेले आहे. त्याच्याही कितीतरी आधी, अनुवादाच्या पुस्तकात, गरीब मजुराची मजुरी सूर्य मावळण्यापूर्वी त्याच्या हाती पडावी असा नियम घालून दिला आहे, आणि कारण दिले आहे ते असे की त्याचा जीव तिच्यात अडकलेला असतो. आपल्या संसदेने २०१९ साली केलेल्या वेतन संहितेत रोजंदारीवरील कामगाराचे वेतन पाळी संपताच द्यावे आणि महिनेवारीवरील कामगाराचे पुढच्या महिन्याच्या सातव्या दिवसाच्या आत द्यावे, असे कलम आहे. मजकूर तयार करणाऱ्यांच्या मनात अनुवादाचे पुस्तक असेल असे नाही. पण तीन हजार वर्षांच्या आसपासचे अंतर असूनही दोन्ही ठिकाणी तोच सूर्य मावळतो आहे. मजुरी केव्हा मिळते हा हिशेबाचा भाग नसून मानाचा भाग आहे, हे ज्याला एकदा तरी उसनवारी करावी लागली आहे त्याला वेगळे सांगावे लागत नाही. मी स्वतः सहा वर्षे तासिका तत्त्वावर शिकवले आहे. वर्गात विद्यार्थी 'सर' म्हणत, गावात लोक 'प्राध्यापक' म्हणत, आणि किराणा दुकानदार वहीत माझ्या नावापुढे आकडा लिहिताना माझ्याकडे पाहत नसे. तासांचे पैसे वर्ष संपल्यावर एकदम येत. त्यालाही मानधनच म्हणत.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याचा दाखला मी वर्गात अनेकदा सांगतो, कारण तो ऐकून अर्थशास्त्राचे विद्यार्थी हटकून चिडतात. मालक पहाटे नाक्यावर जाऊन मजूर ठरवतो, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या तासाला पुन्हा जातो. दिवस संपायला एक तास उरला असता अकराव्या तासालाही जातो. तुम्ही येथे रिकामे का उभे, असे विचारतो, तेव्हा आम्हाला कोणी कामाला लावले नाही म्हणून, असे उत्तर मिळते. संध्याकाळी सर्वांना सारखाच, एकेक दिनार. विद्यार्थी विचारतात, "मग सर, दुसऱ्या दिवशी पहाटे कोण येईल?" प्रश्न रास्त आहे आणि सीमांत उत्पादकतेच्या सिद्धान्तात बसणारा आहे. मी त्यांना आपल्या गावाच्या मजूर अड्ड्यावर सकाळी अकरा वाजता जाऊन यायला सांगतो. तोवर धट्टीकट्टी माणसे उचलली गेलेली असतात. उरतात ते वयस्क, आजारी, अंगाने बारीक. ते आळशी म्हणून नव्हे, तर कोणी निवडले नाही म्हणून उभे असतात. दिनार ही एका कुटुंबाच्या एका दिवसाची गुजराण होती. अकराव्या तासाच्या मजुराला दिनाराचा बारावा हिस्सा देणे गणिताने बरोबर ठरले असते आणि त्याची मुले उपाशी झोपली असती. या दाखल्यातील एका वाक्यावरून रस्किनने आपल्या अर्थशास्त्रविषयक निबंधांना नाव दिले. ते १८६० साली मासिकात प्रसिद्ध होऊ लागले तेव्हा वाचकांनी इतका गिल्ला केला की संपादकाने मालिका आवरती घेतली. १९०४ साली जोहान्सबर्गहून दर्बानला जाताना गांधीजींनी ते पुस्तक आगगाडीत वाचले, आणि वकिलाच्या व न्हाव्याच्या कामाचे मोल सारखेच ही गोष्ट त्यांनी त्यातून उचलली. 'सर्वोदय' हा शब्द आपल्याला त्या पुस्तकाच्या त्यांनी केलेल्या गुजराती सारांशामुळे मिळाला. १८९१ साली पोप तेरावे लिओ यांनी कामगारांच्या स्थितीवर जे परिपत्रक काढले त्यातही याच विचाराचा धागा आहे. कामगाराने नाइलाजाने कमी मजुरीला होकार दिला म्हणून ती मजुरी न्याय्य ठरत नाही; काटकसरीने राहणाऱ्या कामगाराचा निर्वाह तीत व्हायला हवा, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. मे २०२५ मध्ये निवडून आलेल्या पोपनी लिओ हेच नाव घेतले आणि त्यामागचे मुख्य कारण म्हणून त्याच परिपत्रकाकडे बोट दाखवले.

महाराष्ट्रात या साऱ्याचा अर्थ ज्यांनी आयुष्याने सांगितला अशी व्यक्ती मला एकच दिसते, पंडिता रमाबाई. १८८३ साली इंग्लंडमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला. पुढे चेल्टनहॅमला असताना त्यांनी तरुण इंग्रज पुरुषांना शिकवावे अशी सूचना निघाली, तेव्हा हिंदुस्थानातील बिशपांनी त्याला विरोध केला. एका हिंदी स्त्रीने इंग्रज पुरुषांसमोर शिक्षक म्हणून उभे राहणे त्यांना पसंत पडले नाही. रमाबाईंनी मुकाट्याने मान तुकवली नाही. त्यांचा पत्रव्यवहार १९७७ साली पुस्तकरूपाने प्रसिद्ध झालेला आहे. ज्या धर्माने मला स्वातंत्र्य दिले त्याच्या नावाने माझ्यावर नवी ताबेदारी लादू नका, हा त्यातील सूर आजही ताजा वाटतो. आदर मागणारी ही बाई पुढे आदर देताना कशी वागली हे पाहण्यासारखे आहे. १८९६-९७ च्या दुष्काळात त्यांनी मध्य प्रांतातून उपाशी मुली व विधवा आणल्या आणि केडगावला वसवल्या. मुक्तीमध्ये त्यांना केवळ अन्न आणि प्रार्थना मिळाली असती तरी जगाने रमाबाईंना संत म्हटलेच असते. पण त्यांनी त्यांच्या हाती माग दिला, शेती दिली, छापखाना दिला. जिला काल कोणी उंबऱ्यावर उभे केले नसते ती आज खिळे जुळवत होती. बायबलाचे प्रचलित मराठी भाषांतर अशा बायांना समजत नाही, ते पंडिती आहे, म्हणून पंडिता ही पदवी मिळवलेल्या या विदुषीने हिब्रू व ग्रीक भाषांचा अभ्यास करून सोप्या मराठीत नवे भाषांतर केले. एप्रिल १९२२ मध्ये देह ठेवण्यापूर्वी ते काम त्यांनी हातावेगळे केले होते. निरक्षराशी त्याला कळेल असे बोलणे हाही त्याचा मान राखण्याचाच प्रकार आहे, आणि विद्वानाला तो सर्वांत महाग पडतो.

आता एक कडू गोष्ट. 'सेवा' या शब्दाने ख्रिस्ती संस्थांतही पुष्कळदा मानधनाचेच काम केले आहे. शाळा असो, वसतिगृह असो की दवाखाना, कमी पगाराबद्दल कोणी तोंड उघडले की त्याला सेवाभावाची आठवण करून देण्यात येते. येशूने पाय धुतले, त्याने काय पगार मागितला, असेही विचारले गेल्याचे मी ऐकले आहे. प्रश्न विचारणाराची गफलत सरळ आहे. त्या प्रसंगात पाय धुणारा गुरू होता. व्यवस्थापक स्वतः कमरेला रुमाल बांधत असेल तर त्याने तो दाखला जरूर द्यावा; दुसऱ्याच्या कमरेला रुमाल बांधून देण्यासाठी तो नाही.

कोणी म्हणेल, असा सर्वांना सरसकट आदर दिला तर चुकणाऱ्याला बोलायचे कोणी? यावर येशूचेच वागणे पाहावे. हेरोदाला त्याने कोल्हा म्हटले, ढोंगी धर्मगुरूंना चुना फासलेल्या कबरी म्हटले. जक्कय हा जकातदार मात्र झाडावर चढून बसला असताना त्याला नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी उतरणार म्हणून सांगितले. जक्कय लुबाडणारा होता, हे सगळ्या गावाला ठाऊक होते. आधी मान मिळाला, मग त्याने हिशेब केला. निम्मी मालमत्ता गरिबांना आणि फसवलेल्याला चौपट. कठोर शब्द आहेतच, पण ते वरच्यांसाठी राखलेले आहेत. आपण ते खालच्यांवर खर्च करतो आणि वरच्यांपुढे आपल्याकडे 'साहेब' याखेरीज शब्द शिल्लक नसतो.

मराठीत आपण देवाला 'तू' म्हणतो. शिपायालाही 'तू'च म्हणतो. पहिल्या 'तू'त जवळीक आहे आणि दुसऱ्यात काय आहे याचा विचार मी वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षापर्यंत केला नव्हता. आमच्या महाविद्यालयात एक शिपाई आहेत, माझ्यापेक्षा दहा-बारा वर्षांनी मोठे. सगळे त्यांना मामा म्हणतात आणि पुढच्याच श्वासात 'इकडे ये' म्हणतात. मीही म्हणत असे. महिला दिनाच्या त्या समारंभाहून परतल्यावर काही दिवसांनी मी ठरवून त्यांना 'मामा, जरा इकडे या' म्हटले. ते आले आणि दारातच थांबले. त्यांचा चेहरा उतरला होता. "सर, काही चुकलं का माझं?" त्यांनी विचारले. आमच्या बोलण्यात एकाएकी आलेले 'तुम्ही' म्हणजे रागाची खूण, हे मी विसरलो होतो.

काही चुकले नाही, यापुढे मी असेच बोलणार आहे, असे मी त्यांना सांगितले. ते थोडे हसले. जावे की थांबावे असे त्यांना झालेले दिसले. मग म्हणाले, "तुम्ही काहीही म्हणा सर, त्याचं काही नाही. पण परीक्षेच्या कामाचं आमचं मानधनाचं बिल तुमच्या सहीला आलंय. सगळे विचारतात मला."

परीक्षा विभागाचे काम त्या वर्षी माझ्याकडे होते. बिल शोधावे लागले. ते उत्तरपत्रिकांच्या हिशेबाच्या फाइलीखाली सापडले. सात जणांची नावे होती, रकमा लहान होत्या. सही करण्यापूर्वी आवक शिक्क्यावरची तारीख पाहिली. ते माझ्या टेबलावर येऊन एकोणीस दिवस झाले होते.